मोटारीचा निळा धूर : कारण, परीक्षा आणि उपाय

सिलिगुडीहून दार्जिलिंगला जाणारा रस्ता सुकना गावाजवळ सपाटी सोडतो आणि वळणे घेत कर्सियाँगवरून घूम येथे सुमारे २,२५० मीटर उंचीवर पोहोचतो. समजा, या रस्त्यावर पेट्रोलवर चालणारी एक टॅक्सी रोज जा-ये करीत आहे. घाट चढताना तिच्या मागे धुराचा मागमूसही दिसत नाही. परंतु सायंकाळी लांबलचक उतार संपवून ती सपाटीला लागते, चालक पुन्हा ॲक्सिलरेटर दाबतो, आणि आरशात त्याला निळसर धुराचा एक लोट दिसतो. थोड्याच वेळात तो विरून जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी सुरू करताना तसाच लोट पुन्हा उठतो. कोणी म्हणतो, ‘‘एंजिन संपले.’’ कोणी म्हणतो, ‘‘जाड तेल घाला, थांबेल.’’ गाडी हेच ज्याच्या उपजीविकेचे साधन, त्याच्यापुढे मग मोठा पेच पडतो. सारे एंजिन उघडून कित्येक हजार रुपये आणि अनेक दिवसांची कमाई घालवावी, की धुराकडे काणाडोळा करून गाडी चालवीत राहावे?

या दोहोंपैकी एकही मार्ग तूर्त योग्य नाही. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसेच एंजिनाच्या बाबतीतही निदान आधी आणि दुरुस्ती नंतर, असा क्रम असला पाहिजे. निळ्या धुराच्या निदानास लागणारी पुष्कळशी माहिती चालकाच्या डोळ्यांसमोरच असते. धूर किती येतो यापेक्षा तो केव्हा येतो, ही गोष्ट अधिक महत्त्वाची होय.

धुराचे तीन रंग

मोटारीच्या निष्कास नळीतून निघणारा धूर साधारणतः तीन रंगांचा असतो. थंडीच्या दिवसांत सकाळी दिसणारा पांढरा धूर बहुधा निव्वळ पाण्याची वाफ असते. पेट्रोलमधील हायड्रोजनाचा हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन पाणी तयार होते आणि गार नळीत ते धुक्याच्या रूपाने दिसते. एंजिन तापल्यावर ते नाहीसे होते. तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर मात्र रेडिएटरमधील पाणी सिलिंडरात झिरपत असल्याचा संशय घ्यावा लागतो. काळा धूर म्हणजे काजळी. पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळाली, की ती उत्पन्न होते. निळा धूर या दोहोंहून निराळा आहे. ज्वलनाशी ज्याचा काही संबंध नसावा, ते वंगणतेल ज्वलनाच्या जागी पोहोचले आहे, असे तो सांगतो.

येथे दोन अपवाद ध्यानात ठेवावयास हवेत. दोन धावांच्या स्कूटर-एंजिनांत वंगणतेल पेट्रोलातच मिसळलेले असल्यामुळे थोडा निळा धूर हा त्यांचा दोष नसून स्वभावच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय शहरांच्या चौकांत दिसणारा निळा पडदा बराचसा याच एंजिनांनी निर्माण केलेला होता. तसेच डिझेल एंजिन अगदी गार असताना न जळलेल्या डिझेलाचा पांढुरका-निळसर धूर काही वेळ येऊ शकतो. पुढील विवेचन चार धावांच्या पेट्रोल एंजिनाविषयी आहे.

हा धूर निळाच का?

वंगणतेलाचा रंग सोनेरी किंवा काळपट असतो, निळा नव्हे. मग धूर निळा का दिसतो? सिलिंडरात ज्वालेचे तापमान २,००० अंश सेल्सियसहून अधिक असते. परंतु सिलिंडराच्या भिंती पाण्याने थंड राखलेल्या असल्यामुळे त्यांचे तापमान पुष्कळच कमी असते. भिंतीवरील तेलाचा पातळ थर ज्वालेच्या तावडीत पूर्णपणे सापडत नाही. त्याचा काही भाग जळतो आणि काही भाग केवळ बाष्परूपाने तप्त वायूंबरोबर बाहेर पडतो. बाहेरची गार हवा लागताच या बाष्पाचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. त्यांतील बहुतेकांचा व्यास एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो.

इतक्या लहान कणांवर सूर्यप्रकाश पडला, म्हणजे त्यातील आखूड लहरींचा निळा प्रकाश लांब लहरींच्या तांबड्या प्रकाशापेक्षा पुष्कळ अधिक विखुरतो. आयरिश शास्त्रज्ञ जॉन टिंडल याने १८६९ च्या सुमारास काचेच्या नळीत सूक्ष्म कणांचे ढग तयार करून हीच गोष्ट दाखवून दिली होती, आणि १८७१ मध्ये लॉर्ड रॅले याने तिला गणिताचा आधार दिला. आकाशाचा निळा रंग आणि धुराचा निळा रंग यांचे मूळ अशा रीतीने प्रकाशाच्या प्रकीर्णनातच आहे. याचा पडताळा रस्त्यावरही घेता येतो. काळ्या डांबरी रस्त्याच्या पार्श्वभूमीवर जो धूर निळा दिसतो, तोच उजळ आकाशासमोर धरला असता पिवळसर-तपकिरी भासतो. कारण तेथे विखुरलेला प्रकाश नव्हे, तर विखुरून उरलेला प्रकाश डोळ्यांत शिरतो. म्हणून धुराची परीक्षा गडद पार्श्वभूमीवर करावी. जळक्या तेलाचा तिखट, खवट वासही ओळख पटविण्यास मदत करतो. मात्र त्यासाठी नळीजवळ तोंड नेऊन धूर हुंगू नये.

तेल वर कसे पोहोचते?

एंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलपात्रात तीन ते चार लिटर तेल असते. कारागीर या पात्राला चेंबर म्हणतात. पंपाच्या योगे तेल सर्व फिरत्या भागांना पोहोचते आणि ओघळून पुन्हा पात्रात येते. ते सिलिंडराच्या वरच्या भागात शिरू नये, यासाठी मुख्यतः दोन पहारे बसविलेले असतात.

पहिला पहारा दट्ट्याचा, म्हणजे पिस्टनचा. त्याच्या भोवती खाचांतून बिडाच्या अथवा पोलादाच्या कड्या बसवितात. कारागिरांच्या बोलीत त्या रिंगा होत. कापलेली, स्वतःच्या ताणाने भिंतीशी चिकटून राहणारी धातूची रिंग इंग्लंडमधील रेल्वे-अभियंता जॉन रॅम्सबॉटम याने १८५० नंतरच्या काही वर्षांत वाफेच्या एंजिनासाठी तयार केली. आजच्या मोटारींत सामान्यतः अशा तीन रिंगा असतात. वरच्या दोन वायूचा दाब अडवितात, आणि तिसरी भिंतीवरील जादा तेल निपटून खाली पाठविते. दुसरा पहारा झडपांवर असतो. झडपेचा दांडा ज्या नळीतून वर-खाली सरकतो, तिला मार्गदर्शक नळी किंवा गाइड म्हणतात. दांड्यावर तेल पाहिजे, पण ते दांड्यावरून ओघळून खाली उतरता कामा नये. म्हणून गाइडच्या टोकावर रबराची एक लहानशी टोपी असते. तिलाच वाल्व सील म्हणतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे रबर कडक होते, चिरते आणि तेल सोडू लागते.

याशिवाय आणखी काही वाटा आहेत. रिंगांजवळून थोडासा वायू नेहमीच तेलपात्राकडे निसटतो. तो साठून दाब वाढू नये म्हणून पीसीव्ही नावाच्या एका लहान झडपेतून त्याला पुन्हा शोषणमार्गाकडे वळवितात. ही झडप तुंबली किंवा उघडीच अडकली, तर वायूबरोबर तेलही ओढले जाते. टर्बोचार्जर असलेल्या गाडीत त्याच्या दांड्याजवळून तेल गळू शकते. आणि सर्वांत साधे कारण म्हणजे तेलच प्रमाणाहून अधिक भरलेले असणे. तेव्हा फिरता क्रँक-दांडा तेलात बुडून त्याचा फेस करतो, आणि तो फेस वायुमार्गाने वर ओढला जातो.

प्रत्येक वेळी निसटणारे तेल किती अल्प असते, हे साध्या गणिताने कळेल. गाडी मिनिटाला एक किलोमीटर या वेगाने जात असून चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत आहे, असे धरू. अशा एंजिनात मिनिटाला ६,००० स्फोट होतात. म्हणजे १,००० किलोमीटरांच्या प्रवासात साठ लाख. या प्रवासात एक लिटर तेल जळाले, तर दर स्फोटास वाट्याला येणारे तेल एक घन मिलिमीटरचा केवळ सहावा भाग भरते. खसखशीच्या दाण्याहूनही लहान असा हा थेंब. पण साठ लाख वेळा निसटल्यावर त्याने तेलपात्राचा चौथा हिस्सा रिकामा केलेला असतो.

धूर केव्हा येतो?

आता त्या टॅक्सीकडे पुन्हा वळू. ॲक्सिलरेटर सोडला, की हवेची वाट जवळजवळ बंद होते. एंजिन मात्र हवा ओढतच असते. त्यामुळे शोषणमार्गातील दाब बाहेरील हवेच्या दाबाच्या एक-तृतीयांशापर्यंत आणि उतारावर त्याहूनही खाली घसरतो. घाट उतरताना ही ओढ कितीतरी मिनिटे टिकते. वाल्व सील कडक झालेले असेल, तर शोषण-झडपेच्या दांड्यावरून तेल थेंबाथेंबाने आत खेचले जाऊन साठते. सपाटीवर ॲक्सिलरेटर दाबताच पेट्रोल आणि हवा यांचा ओघ वाढतो, साठलेले तेल एकदम भाजून निघते आणि निळा लोट बाहेर पडतो. रात्रभर गाडी उभी राहिली असताना वरच्या भागातील तेल त्याच दांड्यांवरून झिरपते, आणि सकाळी तसाच क्षणिक लोट उठतो. चौकात बराच वेळ एंजिन चालू ठेवून नंतर गाडी निघताना दिसणारा धूरही याच जातीचा होय.

झिजलेल्या रिंगांचा धूर निराळा वागतो. घाट चढताना, ओझे ओढताना, वेग वाढविताना तो सतत येतो. कारण अशा वेळी वायूचा दाब वाढून तो रिंगांवरून खाली निसटतो, आणि भिंतीवरील तेलही पुरते निपटले जात नाही. तेल बदलल्यानंतर लगेच धूर सुरू झाला, तर आधी तेलाची पातळी पाहावी. वेगाने गाडी चालवून आल्यावर ती उभी असताना धूर येत राहिला आणि टर्बोपुढील हवेच्या नळीत तेल आढळले, तर टर्बोचा संशय घ्यावा.

ही लक्षणे दिशा दाखवितात. पण ती पुरावा नव्हेत. उतारावरील ओढीमुळे तेल निपटणाऱ्या निकामी रिंगेजवळूनही तेल वर येऊ शकते, आणि जुन्या एंजिनात दोन्ही दोष एकत्र नांदू शकतात. म्हणून पुढची पायरी मोजमापाची.

उघडण्यापूर्वी मोजमाप

परीक्षा करताना स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून आरंभ करावा. गाडी सपाट जागी उभी करून, एंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी तेलाची पट्टी पाहावी. तेल वरच्या खुणेवर असेल, तर जादा तेल काढून टाकावे. मग योग्य पातळीपर्यंत तेल भरून किलोमीटरांचा आकडा वहीत लिहावा आणि दर ५०० किलोमीटरांनी पट्टी पाहून नोंद ठेवावी. तेल किती खर्च होते, हे अंदाजाने नव्हे तर आकड्याने कळले पाहिजे. एंजिनाच्या बाहेरून होणारी गळतीही पाहावी. जमिनीवर सांडलेले तेल धुराच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही.

त्यानंतर पीसीव्ही झडप तपासावी. सुटी करता येणारी झडप हलविल्यास पुष्कळ प्रकारांत आत खुळखुळ ऐकू येते. ती मुकी असेल, तर तुंबलेली असण्याचा संभव असतो. तिच्या रबरी नळ्या चिरलेल्या वा चेपलेल्या नाहीत ना, हेही पाहावे.

मग कारागिराने स्पार्क प्लग काढून ओळीने मांडावेत. एकाच सिलिंडराचा प्लग काळा आणि तेलकट असेल, तर दोष त्या एका सिलिंडरापुरता असू शकतो. सर्वच तेलकट असतील, तर कारण सामाईक असते. प्लग काढलेलेच असताना दाबाची चाचणी घेता येते. एंजिन तापवून, ठिणगी आणि पेट्रोल यांचा पुरवठा तोडून, हवेची वाट पूर्ण उघडी ठेवून प्रत्येक सिलिंडराचा दाब मापकाने मोजतात. निरोगी पेट्रोल एंजिनात तो साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला १० ते १४ किलोग्रॅम भरतो. नेमका आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेत असतो, आणि सिलिंडरांमधील तफावत थोडी असणे हे त्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. एखाद्या सिलिंडरात दाब कमी आढळला, तर त्यात चहाचा एक चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. तेलाने रिंगांच्या फटी काही काळ बुजतात. दाब चांगलाच वाढला, तर दोष रिंगांचा. वाढला नाही, तर झडपेच्या बैठकीचा किंवा हेड गॅसकेटचा.

याहून बारकाईची परीक्षा दाबलेल्या हवेची. सिलिंडरात हवा भरून ती कोठून निसटते, हे कानाने ऐकावयाचे. तेल भरण्याच्या तोंडाशी सूं-सूं आवाज आला, तर हवा रिंगांजवळून जात आहे. निष्कास नळीत आला, तर निष्कास-झडपेजवळून. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, तर गॅसकेटमधून.

या चाचण्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. वाल्व सील दाब अडविण्याचे काम करीतच नाही. म्हणून ते फाटलेले असूनही दाब उत्तम भरतो. तसेच तेल निपटणाऱ्या रिंगेची छिद्रे काजळीने बुजली, तरी वरच्या रिंगा शाबूत असल्यामुळे दाबात फरक पडत नाही. येथे प्लगच्या छिद्रातून आत सोडता येणारा लहान कॅमेरा उपयोगी पडतो. दट्ट्याच्या माथ्याची कड तेलाने धुतल्यासारखी स्वच्छ दिसली, तर तेल खालून येत आहे. झडपेची पाठ ओली आणि जळक्या तेलाच्या थराने माखलेली दिसली, तर ते वरून उतरत आहे.

त्या टॅक्सीची अशी परीक्षा केली, चारही सिलिंडरांत दाब जवळजवळ सारखा भरला, दट्ट्यांचे माथे कडेला कोरडे दिसले आणि शोषण-झडपा मात्र तेलकट आढळल्या, तर निर्णय स्पष्ट आहे. एंजिन संपलेले नाही. रबराच्या काही टोप्या संपलेल्या आहेत.

दुरुस्ती

वाल्व सील बदलण्यासाठी पुष्कळ एंजिनांत हेड उतरविण्याचीही गरज पडत नाही. प्लगच्या छिद्रातून सिलिंडरात दाबलेली हवा सोडून झडप वर धरून ठेवतात, तिची स्प्रिंग दाबून काढतात, आणि जुने सील खुडून नवे बसवितात. वाल्व सीलची किंमत एकंदर खर्चात किरकोळच असते. खरा मोबदला कारागिराच्या कौशल्याचा. मात्र गाइड झिजून दांडा डुलू लागला असेल, तर नुसते सील बदलून भागत नाही. हेड उतरवून गाइडही बदलावे लागते, नाही तर नवे सील थोड्याच दिवसांत पुन्हा फाटते.

पीसीव्ही झडप बदलणे हे सर्वांत स्वस्त काम. रिंगा काजळीने खाचांत चिकटलेल्या असतील, तर निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीने त्या स्वच्छ करून पाहता येतात. कधी त्या सुटतात, कधी सुटत नाहीत. रिंगा खरोखरच झिजलेल्या ठरल्या, तर एंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हाही नव्या रिंगा घालून मोकळे होणे ही चूक ठरते. सिलिंडर वरच्या टोकाजवळ अधिक झिजतो, कारण तेथे उष्णता आणि दाब सर्वाधिक असून तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. म्हणून त्याचा व्यास वर, मध्ये आणि खाली, तसेच दोन दिशांनी मोजला पाहिजे. झीज मर्यादेत असेल, तर भिंतीवर आडव्या-तिरप्या बारीक रेघा पाडतात, म्हणजे त्यांत तेल टिकते आणि नव्या रिंगा नीट बसतात. झीज मर्यादेबाहेर गेली असेल, तर सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे दट्टे घालावे लागतात किंवा नवी स्लीव्ह बसवावी लागते.

जाड तेलाचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. त्याने धूर काही काळ कमी होतो, हे खरे; परंतु फाटलेले रबर त्याने सांधले जात नाही. शिवाय थंड सकाळी जाड तेल अरुंद वाटांतून उशिरा पोहोचते, आणि तेवढ्या वेळात एंजिनाची झीज वाढते. निर्मात्याने नेमून दिलेल्या प्रतीचेच तेल वापरावे.

दुर्लक्षाची किंमत

धूर दिसतो म्हणून गाडी लगेच बंद पडत नाही. यामुळेच दुर्लक्ष होते. पण तेल जळत राहते, पातळी उतरते, आणि एखाद्या चढावर पंपाला तेल अपुरे पडले की बेअरिंगे भाजून निघतात. काही रुपयांच्या रबरापायी सबंध एंजिन गमावण्याची वेळ तेव्हा खरोखर येते.

दुसरे नुकसान निष्कास मार्गात होते. भारतात १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक पात्र बसविणे सक्तीचे झाले, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाची कडक मर्यादा लागू झाली. या पात्रात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंच्या पृष्ठभागावर विषारी वायूंचे रूपांतर होते. वंगणतेलात झीज रोखण्यासाठी घातलेली जस्ताची व फॉस्फरसाची संयुगे जळून या पृष्ठभागावर बसतात आणि तो झाकून टाकतात. मग गाडीतून निघणारे अन्य विषारी वायूही अडविले जात नाहीत. एका जागी उभ्या गाडीची प्रदूषण-चाचणी उत्तीर्ण झाली, एवढ्यावर विसंबू नये. घाटाच्या पायथ्याशी उठणारा लोट त्या वेळी दिसेलच असे नाही.

तिसरे नुकसान श्वासाचे. पाच मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचा तेल ०.२ मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबांत विभागले, तर त्या थेंबांचे एकूण पृष्ठफळ सुमारे १५० चौरस मीटर भरते. एवढे सूक्ष्म थेंब नाकात अडत नाहीत. ते फुप्फुसांच्या खोल भागापर्यंत पोहोचतात. गाडीमागून सायकलवर जाणारा विद्यार्थी आणि चौकात उभा असलेला पोलीस यांना त्यापासून सुटका नसते.

हा दोष टाळणे बरेचसे चालकाच्या हाती आहे. तेल आणि त्याची गाळणी ठरलेल्या वेळी बदलावी. हवेची गाळणी फाटकी ठेवू नये. रस्त्यावरील धुळीत वाळूचे कण असतात, आणि ते आत गेल्यास रिंगा व सिलिंडर यांना खरवडतात. पंधरा दिवसांतून एकदा तेलाची पट्टी पाहावी. एंजिन चालू असताना पंख्याजवळ व तप्त नळ्यांजवळ हात नेऊ नये, आणि बंद गॅरेजात एंजिन चालवून धुराची परीक्षा कधीही करू नये; कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो.

गाडी कारागिराकडे नेताना ‘‘धूर येतो’’ एवढेच सांगू नये. धूर पहाटे येतो की चढावर, उतारानंतर येतो की सतत, आणि किती किलोमीटरांत किती तेल लागले, हे लिहिलेली वही त्याच्यापुढे ठेवावी. त्या टॅक्सीचालकाने असे केले, तर आठवड्याभराच्या खाड्याऐवजी त्याचे काम बहुधा एक-दोन दिवसांत उरकेल, आणि पुढच्या सायंकाळी सुकन्याजवळ ॲक्सिलरेटर दाबताना आरशात त्याला मागचा रस्ता स्वच्छ दिसेल.